रात्री कोण उठतं? नाशिकमध्ये ज्येष्ठांसाठी छोटं सहाय्यक निवास निवडताना आणि तिथे रुळताना

आत्या बाथरूममध्ये दुसऱ्यांदा पडली तेव्हा दार उघडायला अर्धा तास गेला. आत गेले तर म्हणते, "अगं, पडले नाही. बसले." वय ८१, निवृत्त मराठी शिक्षिका, पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर एकटी, जिना अरुंद, लिफ्ट नाही. तिनं लग्न केलं नाही, त्यामुळे नातेवाइकांची सगळी बोटं माझ्याकडे, भाचीकडे वळली. मी इंदिरानगरला दोन खोल्यांत राहते, दिवसभर नोकरी. पुढच्या दोन वर्षांत मी नाशिकमधली नऊ घरं पाहिली. त्यातल्या एकात आत्याला ठेवून चूक केली आणि दुसऱ्यात ती आज राहतेय. ज्यांना आता हाच रस्ता धरायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

इथे 'छोटं घर' म्हणजे आठ ते पंधरा माणसांचा बंगला. मालक किंवा मालकीण बहुधा तिथेच राहतात, स्वयंपाक घरचाच होतो आणि आंघोळ, गोळ्या, संडास यांना मदत करायला मावशी-मामा असतात. चांगलं चाललं तर यासारखं दुसरं काही नाही. मात्र अशा घराचा सगळा डोलारा दोन-तीन माणसांच्या हातांवर उभा असतो. एक मावशी गावी गेली की घर बदलतं.

पायरी १ : मदत नेमकी कशाला लागते, ते लिहून काढा

"वय झालंय, एकटीला जमत नाही" एवढ्या माहितीवर घर शोधायला निघू नका. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली सहा गोष्टींची एक साधी यादी मांडली. ती आजही सगळीकडे वापरतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर जाणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि हातानं जेवणं. एक आठवडा रोज या सहांसमोर 'स्वतः', 'थोडी मदत', 'पूर्ण मदत' यांपैकी एक लिहा. मी त्यात सातवा रकाना घातला: रात्री किती वेळा उठते आणि तेव्हा पाय लटपटतात का. आत्याचं उत्तर आलं तीन वेळा. पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यानं ठरले.

सहांपैकी एखाद्याच गोष्टीला मदत लागत असेल तर बाथरूममध्ये धरायला दांड्या लावून आणि सकाळ-संध्याकाळ बाई ठेवून घरीच भागतं. दोन-तीन गोष्टींना लागत असेल तर छोटं सहाय्यक निवास योग्य. नाकातून नळी, लघवीची पिशवी, पाठीला जखम अशी अवस्था असेल तर नर्स असलेली जागाच लागते. तिथे छोट्या घराच्या प्रेमळपणाचा उपयोग नाही. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत चोवीस तासांची बाई हा आणखी एक पर्याय. आम्ही तो पाच महिने चालवला. बाई चांगली होती, पण तिच्या सुट्टीच्या दिवशी मी रजेवर, दिवाळीत बदली बाई नाही आणि आत्या दिवसभर एकाच माणसाचं तोंड बघत बसलेली. खर्चही निवासापेक्षा कमी झाला नाही.

वृद्धाश्रम या शब्दावर घरात भांडण होणार, हे धरून चाला. आमच्याकडेही झालं. ज्यांनी सगळ्यात मोठ्यानं "लोक काय म्हणतील" विचारलं, त्यांना मी फक्त रात्रीच्या पाळ्यांचं वेळापत्रक पाठवलं आणि कोण कोणता वार घेणार ते विचारलं. मग ग्रुप शांत झाला.

पायरी २ : जागा ज्याला भेटायला जायचंय त्याच्या रस्त्यावर हवी

त्र्यंबक रस्त्याला शहराबाहेर डोंगर दिसणारी सुंदर घरं आहेत. डोंगर पहिल्या भेटीत तुम्हालाच दिसतो, राहणाऱ्याला खिडकीशी नेणारं कुणी असेल तरच दिसतो. गंगापूर रोड, मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डी फाटा, देवळाली, कुठलाही भाग चालेल. कामावरून येताना वाटेत उतरता येईल असा असावा. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं गेलेलं रविवारच्या तीन तासांपेक्षा उपयोगी, कारण घरातल्या माणसांना तुम्ही कधी याल हे माहीत नसतं.

जवळचं अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय किती लांब आहे ते नकाशावर पाहू नका. संध्याकाळी साडेसहाला गाडी घेऊन जाऊन पाहा. द्वारका आणि मुंबई नाका हे गर्दीचे चौक मध्ये येत असतील तर तो वेळ वेगळाच निघतो. जुन्या पंचवटीत किंवा तपोवनाच्या बाजूला घर पाहत असाल तर २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद झाले की रुग्णवाहिका कुठून येणार, हे आत्ताच विचारून ठेवा.

तळमजला असेल तर उत्तम. वरचा मजला असेल तर लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावते का ते स्वतः घालून पाहा.

पायरी ३ : पाहणी, निदान तीनदा

पहिल्या भेटीत मालक घर दाखवतात. ती भेट त्यांची. दुसरी भेट न कळवता, संध्याकाळी सात-साडेसातला. तिसरी सकाळी साडेसहाला, "कामावर जाता जाता डोकावले" म्हणून. याला ज्या घरानं आडकाठी केली ते मी यादीतून काढून टाकलं.

पहिला प्रश्न रात्रीचा. किती माणसं राहतात, रात्री किती मावशी-मामा असतात, ते जागे असतात की झोपलेले, आणि कुठे झोपतात. "चोवीस तास स्टाफ आहे" हे उत्तर नाही. बारा माणसांच्या घरात रात्री एकच बाई स्वयंपाकघरात झोपत असेल तर तिसऱ्या खोलीतली घंटा तिला ऐकू येते का? विचारत बसू नका, घंटा दाबा आणि घड्याळ बघा. आत्या आधी ज्या घरात होती तिथे प्रत्येक पलंगाला घंटा होती. ती वाजत नव्हती, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. रात्री एकच बाई, तिच्याकडे चौदा माणसं. आत्या पहाटे ओल्या गादीवर बसून राहायची आणि मला फोनवर सांगायची, "इथे थंडी जरा जास्त आहे." तिला तक्रार करायची लाज वाटत होती. मालक वाईट नव्हते, हिशोब वाईट होता.

दिवसाही मोजा. आंघोळीच्या वेळी, सात ते नऊ, किती हात असतात? एका मावशीकडे सहा आंघोळी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला वीस मिनिटं येतात आणि वीस मिनिटांत म्हातारं माणूस धुतलं जातं, त्याची आंघोळ होत नाही.

मग बाथरूम. कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत पक्क्या दांड्या हव्यात. टॉवेल अडकवायची दांडी धरली की उखडून हातात येते. फरशी ओली करून चप्पल घासून पाहा. उंबरा नको. आतली कडी बाहेरून उघडता येणारी हवी. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर बाहेर काढून देणार का, हे लेखी घ्या. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, लोक खिडक्या घट्ट लावतात आणि बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

घराचा वास घ्या. दुपारी लघवीचा हलका वास आला तर घाबरू नका, माणसं राहतात तिथे येणारच. सकाळ-संध्याकाळ तोच वास असेल तर डायपर वेळेवर बदलत नाहीत. नुसता फिनाइलचा भपकारा आला तर तुमच्यासाठी तयारी केली आहे.

खोल्यांपेक्षा राहणाऱ्यांकडे जास्त पाहा. नखं कापलेली आहेत का? चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का? पुरुषांची दाढी? ज्याला ऐकायचं यंत्र आहे त्याच्या कानात ते आहे, की ड्रॉवरमध्ये? यंत्राची बॅटरी संपली की माणूस गप्प होतो आणि सगळे म्हणतात, "आजोबा हल्ली शांत झालेत." दुपारी चार वाजता सगळेच झोपलेले दिसले तर झोपेच्या गोळ्या कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देता, ते विचारा. उत्तर देताना मालकीणबाईंनी रजिस्टर उघडलं तर ठीक. त्या नुसत्या हसल्या तर ठीक नाही.

कागदपत्रं मागायला संकोच नको. संस्था न्यास म्हणून चालत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, खासगी असेल तर गुमास्ता परवाना. "आम्ही इथेच सलाइन लावतो" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हणा. कामाला असलेल्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हेही. वीज गेल्यावर एअर बेड आणि ऑक्सिजनचं यंत्र किती वेळ चालेल? इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांचा असतो, हे खूपदा नंतर समजतं.

पायरी ४ : पैसे

सांगितलेला आकडा आणि भरायचा आकडा वेगळे असतात. आत्याच्या सध्याच्या घराचा दर महिन्याला २४,००० आहे. मागच्या महिन्यात त्यावर डायपर ३,३००, औषधं २,६००, फिजिओथेरपिस्टच्या आठ भेटींचे ३,२०० आणि जादा धुण्याचे ६०० आले. एकूण ३३,७००. यात फसवणूक नाही, फक्त पहिल्या दिवशी कुणी हे असं जोडून दाखवत नाही. दरात काय येतं आणि काय येत नाही याची यादी मागा. मदत वाढली की दर किती वाढतो आणि ते कोण ठरवतं, हेही. औषधं आणि डायपर आम्ही गोळे कॉलनीतल्या घाऊक औषधबाजारातून एकदम आणतो, घरानं आणलेल्या पेक्षा स्वस्त पडतात.

करारात या गोष्टी असू द्या: अनामत किती आणि किती दिवसांत परत, सोडायची सूचना किती दिवसांची, रुग्णालयात भरती असताना खोलीचं भाडं किती, दरवाढ वर्षातून किती वेळा, आणि महिन्याच्या मध्येच मृत्यू झाला तर उरलेले पैसे. शेवटचा मुद्दा मला विचारवेना. मालकीणबाईंनीच काढला. तेव्हाच मी मनात हे घर पक्कं केलं.

कुणी "फ्लॅट आमच्या नावावर करा, आयुष्यभर सांभाळू" म्हणालं तर निघून या.

पायरी ५ : एक फाइल

आधार, पॅन, पेन्शनचे कागद, शेवटचे रक्त-तपासणी अहवाल, ईसीजी, चष्म्याचा नंबर, आणि औषधांचा तक्ता: नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी दिलं. कशाची अॅलर्जी असेल तर ती लाल अक्षरांत, पहिल्या पानावर. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात, मात्र योजनेत असलेल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच. त्यामुळे घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आधीच बघा.

बँकेचं काम माणूस ठीक असतानाच उरका. लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात, पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की ते संपतं, म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच. दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं संयुक्त खातं व्यवहारात जास्त कामाला येतं. मात्र कुणाबरोबर उघडायचं हे म्हाताऱ्या माणसानं ठरवावं, भाच्यांनी नाही.

पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो. बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा उमटत नाही. 'जीवन प्रमाण', म्हणजे हाच दाखला डिजिटल, मोबाइलवर चेहरा ओळखून होतं, दहा मिनिटांचं काम. सत्तरीपुढच्यांना घरी येऊन सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत जाऊन तेवढं एक वाक्य बोललं की काउंटरवरचा सूर बदलतो.

आत्यानं फाइलवरचं माझं 'निवृत्ती वेतन' लाल पेनानं 'निवृत्तिवेतन' केलं आणि मगच फाइल हातात दिली.

पायरी ६ : सामान

कमी न्या, पण ओळखीचं न्या. स्वतःची उशी, गोधडी, देवाची तसबीर, भिंतीवरचं कालनिर्णय, नेहमीचा स्टीलचा पेला. कपडे पुढून उघडणारे, प्रत्येकावर नाव शिवलेलं. मार्करचं नाव चार धुण्यांत जातं. कवळीच्या डबीवर आणि चष्म्याच्या केसवर नाव. सोनं नको. एक पाटली हरवली की घरातली प्रत्येक मावशी संशयित होते आणि ती पाटली बहुधा उशीच्या अभ्र्यात सापडते.

पायरी ७ : पहिले सहा आठवडे

खोटं बोलून नेऊ नका. "दोन दिवस बदल म्हणून" असं सांगून नेलेली माणसं दारात पिशवी घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. आधी आठवडाभर दुपारच्या चहाला नेऊन आणा, मग महिनाभर राहून बघायचं म्हणा आणि महिन्यानं खरंच विचारा.

नव्या जागी पहिले काही दिवस रात्री गोंधळ होतो. संडासची दिशा चुकते, कुणाचा तरी आवाज आल्यासारखा वाटतो. पलंग घरच्याच बाजूला लावला, म्हणजे उठताना उजवीकडे किंवा डावीकडे वळायची सवय तशीच राहिली, की निम्मा गोंधळ कमी होतो. पलंगापासून संडासपर्यंत मंद दिवा रात्रभर चालू ठेवायला सांगा. उठताना आधी मिनिटभर काठावर बसायचं, मग उभं राहायचं, कारण एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि पडणं तिथेच होतं.

एक गोष्ट मात्र 'रुळतील हळूहळू' म्हणून सोडू नका. कालपर्यंत नीट असलेलं माणूस एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागलं किंवा सारखं पेंगायला लागलं तर लघवीतला जंतुसंसर्ग, कमी झालेलं सोडियम किंवा नवीन गोळी यांची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नव्या घरात माणसं पाणी कमी पितात, कारण सारखं संडासला न्या म्हणायला नको वाटतं. आणि मावशींनाही ते सोयीचं पडतं. आत्यासाठी आम्ही सकाळी भरलेली बाटली संध्याकाळपर्यंत संपवायची असं ठरवलं. ती शिक्षिका असल्यामुळे नियम म्हटलं की पाळते.

पहिल्या पंधरवड्यात ती रोज म्हणायची, "मला घरी ने." मी रोज कारणं द्यायचे. मग मालकीणबाईंनी शिकवलं की कारण देऊ नका, घराबद्दल विचारा. मी विचारलं, "काय आठवतं गं घरातलं?" तर म्हणाली, गच्चीवरून दिसणारी नदी. पुढच्या रविवारी रिक्षानं गोदाकाठी नेलं, अर्धा तास बसलो, परत आणलं. मागणी थांबली नाही, पण रोजची आठवड्यावर आली.

पायरी ८ : रोजचा दिवस

लोकांना वाटतं, अशा घरात दिवस काढणं म्हणजे टीव्हीसमोर बसणं. काही घरांत तसंच असतं. चांगल्या घरात दिवसाला एक आकार असतो, आणि त्यात तुम्हालाही हात घालता येतो.

आधी जेवणाच्या वेळा बघा. कामाच्या सोयीसाठी रात्रीचं जेवण साडेसहाला उरकतात आणि नाश्ता आठला. म्हणजे साडेतेरा तास पोट रिकामं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला हे पहाटे महागात पडतं. झोपताना कपभर दूध आणि दोन बिस्किटं किंवा मेतकूट-भाताचे चार घास, एवढं मागून घ्या. घाम, थरथर, चिडचिड दिसली तर साखर मोजायची. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. हे मी कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, हे त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत.

चव हा मोठा वाद. आत्या तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आमटी आहे की पन्हं?" स्वयंपाकीण बाहेरची, सगळ्यात गूळ. मी काळ्या मसाल्याची बरणी नेऊन दिली आणि सांगितलं की आत्याच्या वाटीत वरून अर्धा चमचा. आता ती बरणी पाच जणांत फिरते. दात नसलेल्यांना सगळंच मिक्सरमधून काढून देतात तेही तपासा. मऊ भात, कुस्करलेली भाकरी, दुधातली लापशी चावता येते. राखाडी लगदा कुणी आवडीनं खात नाही आणि मग "यांची भूक गेली" असं रजिस्टरमध्ये लिहिलं जातं.

खोलीतली जोडीदारीण म्हणजे लग्न जुळवण्याइतकी नाजूक गोष्ट. आत्याच्या शेजारच्या काकूंचे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. काकूंना पंखा पाचवर हवा, आत्याला बंद. भांडण मालकीणबाईंपर्यंत गेलं. उपाय साधा निघाला. पलंगांची अदलाबदल केली आणि काकूंच्या उशाशी छोटा टेबल पंखा आला. खोली ठरवताना धर्म-जात-जेवण याआधी झोपायची वेळ, पंखा, दिवा आणि मोठ्यानं जप करायची सवय विचारा.

काम द्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्या दुपारी मटार सोलते, वाती वळते आणि मावशींच्या सातवीतल्या मुलाचे निबंध तपासते. त्यानंतर तिला मी गप्प बसलेली पाहिलेली नाही. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातून मी पंधरा दिवसांनी दोन पुस्तकं बदलून आणते, मोठ्या टायपातली. एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका ती दुपारी मोठ्यानं वाचतात. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे झोपतात. त्याला हरकत नाही.

भेटायला जेवणाच्या वेळी जाऊ नका. मावशींचे हात गुंतलेले असतात. एका मावशीला गुपचूप पैसे देऊ नका, बाकीच्यांची वागणूक बदलते. दिवाळीला सगळ्यांना सारखं, मालकांना सांगून. सणाला घरी न्यायचं असेल तर कमोड खुर्ची आधी आणून ठेवा आणि दिवेलागणीच्या आत परत सोडा, अंधार पडल्यावर गोंधळ वाढतो. नात्यातल्या मावश्या-काक्यांना भेटायला बोलवा. ७५ पुढच्यांना एसटी फुकट आहे, आत्याची निफाडची मैत्रीण महिन्यातून एकदा त्याच बसनं येते, येताना द्राक्षं आणते आणि दोघी मिळून मुख्याध्यापकांना नावं ठेवतात. ते मुख्याध्यापक वारून वीस वर्षं झाली.

पायरी ९ : आजारपण आणि रात्रीचा फोन

आधीच ठरवा, लेखी: पडल्यावर उठवायचं नाही. आधी पाय हलतो का, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का ते पाहायचं, १०८ ला फोन, मग मला फोन. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जखम दिसली नाही तरी रुग्णालय. कोणत्या रुग्णालयात न्यायचं, कुणी सही करायची, मी फोन उचलला नाही तर दुसरा नंबर कुणाचा. पलंगाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली जाते का, याचा तक्ता भिंतीवर असावा आणि त्यातल्या वेळा जरा वेड्यावाकड्या असाव्यात. सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हस्ताक्षरात, अगदी बरोबर दोन-चार-सहाला असतील तर त्या सकाळी बसून लिहिलेल्या आहेत.

व्हेंटिलेटर नको असेल तर तेही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये असं पूर्वलेखन (लिव्हिंग विल) मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आत्यानं ते केलं, मसुद्यातल्या दोन चुका काढून.

पायरी १० : तक्रार

आधी मालकांशी, एका वेळी एकच मुद्दा, तारीख घालून, व्हॉट्सअॅपवर. "तुम्ही लक्ष देत नाही" याला उत्तर नसतं. "मंगळवारी रात्रीची गोळी डबीत तशीच होती" याला असतं. मारहाण, कोंडून ठेवणं, पैसे काढून घेणं असं काही असेल तर थांबू नका, ११२. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

घरचेच टाळत असतील तर २००७ चा पालनपोषण कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा, निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला दहा हजार. मूलबाळ नसलेल्यांचं काय, असं लोक विचारतात. ज्याच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारशानं मिळणार आहे, तो नातेवाईक जबाबदार असतो. आमच्या ग्रुपवर मी हे कलम टाकलं त्या दिवशी दोन चुलतभावांनी आत्याला फोन केला.

पायरी ११ : दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा

पहिल्या पायरीचा तोच कागद. मदत वाढत जाते आणि घर सांगत नाही, कारण त्यांनाही माणूस जाऊ नये असं वाटतं. सहांपैकी पाच गोष्टींना पूर्ण मदत लागायला लागली, वजन सहा महिन्यांत उतरलं, पाठीवर लाल डाग राहू लागला, किंवा विसरभोळेपणात फाटकाबाहेर जाणं सुरू झालं, तर बसून बोला: रात्रीचे हात वाढवता येतील का, नाहीतर नर्स असलेली जागा बघायची.

मागच्या आठवड्यात मी आत्याचा कागद भरला. 'कपडे' समोर 'मदत लागते' लिहून तिला वाचायला दिला. तिनं चष्मा पुसला, लाल पेन घेतलं, माझं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: "साडीला. गाऊनला नाही."